रेंजरची ‘प्राइमिव्हल अवेअरनेस’ म्हणजे काय? ती कधी वापरायची आणि कधी नाही? संपूर्ण माहिती

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजेच डी अँड डी खेळताना रेंजर निवडलेल्या बऱ्याच जणांचा अनुभव सारखाच असतो. तिसरी लेव्हल येते, कॅरेक्टर शीटवर ‘प्राइमिव्हल अवेअरनेस’ असं भारदस्त नाव उमटतं आणि आपण खुशीत पहिल्यांदा ती क्षमता वापरतो. डंजन मास्टर म्हणतो, “हो, जवळपास अनडेड आहेत.” आपण विचारतो, “कुठे? किती?” उत्तर येतं, “ते कळत नाही.” एक स्पेल स्लॉट गेला आणि हातात आलं काय, तर एक ‘हो’. त्यानंतर ती क्षमता शीटवरच पडून राहते.

पण ही क्षमता खरंच इतकी निरुपयोगी आहे का? या लेखात आपण तिचा नियम नेमका काय सांगतो, ती काय ओळखते, काय ओळखत नाही आणि तिच्याकडून कामाचं उत्तर कसं काढायचं, हे सगळं सोप्या भाषेत बघणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी

डी अँड डी हा टेबलाभोवती बसून, गोष्ट सांगत आणि फासे टाकत खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. एक जण डंजन मास्टर होतो, त्याला सगळे डीएम म्हणतात. जग, राक्षस, गावकरी हे सगळं तो चालवतो. बाकीचे खेळाडू एकेक पात्र घेतात आणि त्यांची मिळून ‘पार्टी’ बनते. रेंजर हा रानावनात वाढलेला, माग काढणारा, धनुष्य किंवा तलवार चालवणारा आणि थोडीफार जादू येणारा योद्धा. हा क्लास १९७५ पासून खेळात आहे.

आपण ज्या क्षमतेबद्दल बोलतोय ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली आहे. जानेवारी २०२३ मध्ये या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. त्यात रेंजर क्लासही आहे, त्यामुळे हा नियम कुणालाही मोफत वाचता येतो.

नियम नेमका काय आहे?

तिसऱ्या लेव्हलपासून रेंजर एक ॲक्शन आणि एक स्पेल स्लॉट खर्च करून आजूबाजूच्या प्रदेशावर लक्ष एकाग्र करू शकतो. मग असं होतं:

- अंतर: चारही बाजूंना १ मैल, म्हणजे साधारण १.६ किलोमीटर. तुम्ही तुमच्या ‘फेव्हर्ड टेरेन’मध्ये असाल तर ६ मैलांपर्यंत, म्हणजे जवळजवळ ९.७ किलोमीटर.
- वेळ: स्लॉटच्या दर लेव्हलमागे १ मिनिट. पहिल्या लेव्हलचा स्लॉट वापरला तर १ मिनिट, तिसऱ्या लेव्हलचा वापरला तर ३ मिनिटं.
- काय कळतं: सात ठरावीक प्रकारचे जीव त्या परिसरात आहेत की नाहीत.
- काय कळत नाही: ते कुठे आहेत आणि किती आहेत. नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

फेव्हर्ड टेरेन म्हणजे तुमच्या रेंजरचा सवयीचा भूप्रदेश. पहिल्या लेव्हलला तो निवडावा लागतो: बर्फाळ प्रदेश, किनारा, वाळवंट, जंगल, गवताळ प्रदेश, डोंगर, दलदल किंवा ‘अंडरडार्क’ हे जमिनीखालचं जग. सहाव्या आणि दहाव्या लेव्हलला आणखी एकेक प्रदेश मिळतो. या यादीत शहर नाही, हे लक्षात ठेवा. शहरात तुमचं अंतर १ मैलच राहतं.

आता खर्चाकडे बघू. तिसऱ्या लेव्हलच्या रेंजरकडे पहिल्या लेव्हलचे फक्त ३ स्लॉट असतात आणि ते लाँग रेस्ट घेतल्यावरच परत मिळतात. म्हणजे एकदा ‘अवेअरनेस’ वापरली की दिवसभराच्या जादूचा एक तृतीयांश भाग संपला. त्याच स्लॉटमधून ‘क्युअर वुंड्स’ने जखमी सोबत्याला उठवता आलं असतं. त्यामुळे ‘कधी वापरायची’ हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे.

कोणते जीव कळतात आणि कोणते नाही?

२०१४ च्या नियमांत जिवांचे एकूण १४ प्रकार आहेत. ही क्षमता त्यातले बरोबर निम्मे ओळखते.

कळणारे सात प्रकार:

- ॲबरेशन: या जगाच्या नियमांत न बसणारे विचित्र जीव. उदा. बिहोल्डर, माइंड फ्लेअर
- सिलेस्टियल: स्वर्गीय लोकांतले. उदा. एंजल, युनिकॉर्न, पेगासस
- ड्रॅगन: मोठे ड्रॅगन तर आहेतच, शिवाय वायव्हर्न आणि छोटासा स्यूडोड्रॅगनसुद्धा
- एलिमेंटल: आग, पाणी, हवा, माती यांचे जीव. गार्गॉइल आणि जिनी यांचाही यात समावेश होतो
- फे: पऱ्यांच्या दुनियेतले. उदा. पिक्सी, ड्रायड, ग्रीन हॅग ही चेटकीण
- फीन्ड: डेव्हिल, डेमन, इम्प, हेल हाउंड
- अनडेड: सांगाडे, झॉम्बी, भुतं, व्हँपायर

न कळणारे सात प्रकार:

- बीस्ट: लांडगे, अस्वलं, साप असे साधे प्राणी
- कन्स्ट्रक्ट: गोलेमसारखे घडवलेले जीव
- जायंट: राक्षसी आकाराचे. ओगर आणि ट्रोल यातच येतात
- ह्युमनॉइड: माणूस, एल्फ, ऑर्क, आणि २०१४ च्या नियमांत गॉब्लिन आणि वेअरवुल्फसुद्धा
- मॉन्स्ट्रॉसिटी: आउलबेअर, बॅसिलिस्क, मेड्युसा
- ऊझ: जेलॅटिनस क्यूबसारखे चिकट गोळे
- प्लांट: ट्रीअंटसारखे चालते-बोलते वृक्ष

दुसरी यादी पुन्हा एकदा वाचा. लुटारूंची टोळी, ट्रोल, आउलबेअर, वेअरवुल्फ. पहिल्या काही लेव्हलना पार्टीला मारून टाकणारे बरेचसे शत्रू याच यादीत आहेत. म्हणजे सातही प्रकारांचं उत्तर ‘नाही’ आलं तरी ‘धोका नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. ही चूक फार महागात पडते.

‘हो’ आणि ‘नाही’ यांचं वजन सारखं नसतं

सगळ्या लेखातला हा मुख्य मुद्दा आहे.

ही क्षमता म्हणजे एक सेन्सर आहे असं समजा. हा सेन्सर दिशा दाखवत नाही, आकडा दाखवत नाही. त्यावर फक्त सात दिवे आहेत. वर्तुळात त्या प्रकारचा एक जरी जीव असेल तर दिवा लागतो. एक असो की शंभर, दिवा तेवढाच.

आता वर्तुळाचा आकार बघा. १ मैल त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे ८ चौरस किलोमीटर. ६ मैलांचं वर्तुळ म्हणजे सुमारे २९३ चौरस किलोमीटर. त्रिज्या सहापट झाली की क्षेत्रफळ छत्तीसपट होतं. शिवाय नियमात ‘जमिनीवरच’ असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे पायाखाली खोल बंद थडग्यात पडलेला सांगाडा आणि डोक्यावरून उडत चाललेला वायव्हर्न, दोघेही मोजले जातात.

एवढ्या मोठ्या वर्तुळात ‘हो’ मिळालं तर काय कळलं? २९३ चौरस किलोमीटरमध्ये कुठेतरी, वर किंवा खाली, किमान एक अनडेड आहे. जुन्या जगात हे जवळपास कुठेही खरं असू शकतं. त्यामुळे मोठ्या वर्तुळातलं ‘हो’ फार कमी सांगतं.

पण त्याच वर्तुळात ‘नाही’ मिळालं तर? मग २९३ चौरस किलोमीटरमध्ये एकही अनडेड नाही. एका ॲक्शनमध्ये, एका जागी उभं राहून, दोन-तीन दिवस माग काढूनही जे कळलं नसतं ते कळलं. मोठ्या वर्तुळातलं ‘नाही’ फार मोलाचं.

छोट्या वर्तुळात हेच उलटं होतं. १ मैलाच्या आत ‘हो’ आलं तर गोष्ट जवळ आहे, सावध व्हा. ‘नाही’ आलं तर फक्त जवळपासची खात्री झाली, दीड मैलावर काय आहे ते माहीत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवायचं सूत्र असं: आपल्या प्रदेशात संशय काढून टाकण्यासाठी वापरा, परक्या प्रदेशात जवळचा धोका हेरण्यासाठी वापरा. बरेच खेळाडू नेमकं उलटं करतात. आपल्या जंगलात ‘हो’ शोधत बसतात आणि मग ‘काहीच उपयोग नाही’ म्हणून वैतागतात.

एक उदाहरण बघू

समजा, जंगलातल्या एका वस्तीतून माणसं गायब होतायत. पार्टीत पाचव्या लेव्हलचा रेंजर आहे आणि जंगल हा त्याचा फेव्हर्ड टेरेन आहे. त्याच्याकडे पहिल्या लेव्हलचे ४ आणि दुसऱ्या लेव्हलचे २ स्लॉट आहेत. वस्तीतल्या लोकांचे दोन संशय आहेत. काही जण म्हणतात जुन्या कब्रस्तानातून काहीतरी उठलंय. बाकीचे म्हणतात ओढ्यापलीकडे एकटी राहणारी म्हातारी माणूस नाही, हॅग आहे, तिला जाळून टाका.

रेंजर पहिल्या लेव्हलचा स्लॉट वापरतो. डीएम सांगतो: अनडेड नाही, फीन्ड नाही, फे आहे, बाकी चार नाही.

कब्रस्तानचा संशय संपला. पण ‘फे आहे’ ऐकल्यावर पार्टी मशाली घेऊन ओढ्याकडे निघते. ग्रीन हॅग फे असते ना!

इथेच थांबायला हवं. पार्टीतल्या विझार्डच्या खांद्यावर घुबड बसलंय. ते ‘फाइंड फॅमिलियर’ या स्पेलने बोलावलेलं आहे, आणि त्या स्पेलच्या नियमाप्रमाणे ते साधं घुबड म्हणजे बीस्ट नसतंच. बोलावणाऱ्याच्या निवडीप्रमाणे ते सिलेस्टियल, फे किंवा फीन्ड असतं. आपल्या विझार्डने फे निवडलं होतं. म्हणजे तो दिवा आपल्याच घुबडामुळे लागला असू शकतो.

उपाय सोपा आहे आणि त्यासाठी दुसरा स्लॉटही लागत नाही. एका मिनिटात १० राउंड असतात. विझार्डने एक ॲक्शन वापरून फॅमिलियरला तात्पुरतं त्याच्या वेगळ्या खिशासारख्या जागेत पाठवायचं. रेंजरची जाणीव अजून चालू आहे. डीएमला परत विचारायचं, “आता फे आहे का?” समजा उत्तर आलं, “नाही.”

आता चित्र पूर्ण बदललं. त्या क्षणी ६ मैलांच्या आत एकही फे नाही, एकही फीन्ड नाही. ओढ्यापलीकडची म्हातारी तेव्हा घरातच असेल, तर ती ग्रीन हॅग नाही. फीन्ड प्रकारातली नाइट हॅगही नाही. ती बहुधा जडीबुटी गोळा करणारी एक साधी बाई आहे, आणि पार्टी तिला जाळायला निघाली होती.

मग गुन्हेगार कोण? न कळणाऱ्या सात प्रकारांपैकी कुणीतरी. पौर्णिमेच्या आसपासच माणसं गायब होत असतील तर वेअरवुल्फ. वाटेवरच होत असतील तर लुटारू. इथून पुढे रेंजरची दुसरी कला कामाला येते, ती म्हणजे पायांचे ठसे आणि माग. एका स्लॉटने गुन्हेगार सापडला नाही, पण दोन चुकीच्या वाटा बंद झाल्या आणि एक निरपराध बाई वाचली.

दिशा काढता येते का?

थेट नाही. पण दोन ठिकाणांहून मोजून अंदाज बांधता येतो.

पहिला विचार येतो तो ‘जाणीव चालू असताना चालत राहायचं आणि दिवा कुठे विझतो ते बघायचं’ हा. हे फारसं जमत नाही. ३० फूट वेग असलेलं पात्र एका मिनिटात ३०० फूट चालतं, सतत धावलं तरी ६०० फूट. एक मैल म्हणजे ५,२८० फूट. तुमचं वर्तुळ जागचं हलल्यासारखंही वाटणार नाही.

त्यापेक्षा दोन वेगळे स्लॉट वापरा. समजा, परक्या प्रदेशात ‘अ’ ठिकाणी ड्रॅगनचा दिवा लागला. तिथून एक मैल पूर्वेला जा. नेहमीच्या चालीने २० मिनिटं लागतात. तिथे परत मोजा. आता दिवा लागला नाही, तर पहिल्या वर्तुळाचा सुमारे ३९ टक्के भाग, म्हणजे पूर्वेचा भाग बाद झाला. ड्रॅगन पश्चिमेकडच्या उरलेल्या भागात असायला हवा. अर्थात तो मधल्या वेळात उडून गेला नसेल तरच.

दोन्हीकडे ‘हो’ आलं तर मात्र घाई करू नका. एकच ड्रॅगन दोन्ही वर्तुळांच्या सामाईक भागात असेल किंवा दोन वेगळे असतील. संख्या कळत नाही, हे विसरायचं नाही. आणि तिसऱ्या लेव्हलला अशी दोन मोजमापं म्हणजे तीनपैकी दोन स्लॉट. लपलेला शत्रू खरंच तेवढ्या किमतीचा असेल तरच हे करा.

कधी वापरणं फायद्याचं?

- लाँग रेस्टच्या आधी: दिवसाचा एखादा स्लॉट उरला असेल तर तो सकाळी तसाही परत मिळणार आहे. मुक्काम टाकताना वापरा आणि रात्री पहारा किती कडक ठेवायचा ते ठरवा. फक्त रात्री हल्ला झाला तर तो स्लॉट हाताशी नसेल.
- अफवा तपासताना: ‘डोंगरात ड्रॅगन आहे’ असं कुणी सांगितलं आणि डोंगर तुमचा फेव्हर्ड टेरेन असेल, तर आठवड्याभराची पायपीट वाचू शकते.
- वाट निवडताना: दोन घाटवाटा असतील तर जिथे सातही दिवे बंद आहेत ती वाट बाकीच्या माहितीशी जुळवून बघा.

लढाई सुरू झाल्यावर मात्र वापरू नका. एक पूर्ण ॲक्शन जाते आणि समोर काय आहे ते तर दिसतंच आहे.

पॅलाडिनच्या ‘डिव्हाइन सेन्स’पेक्षा वेगळं काय?

दोन्हींची नेहमी गल्लत होते. पॅलाडिनची जाणीव फक्त ६० फुटांपर्यंत चालते आणि तीनच प्रकार ओळखते: सिलेस्टियल, फीन्ड आणि अनडेड. पण ती नेमकी जागा सांगते आणि तिला स्पेल स्लॉट लागत नाही. पूर्ण आडोशामागचा जीव मात्र तिला कळत नाही. रेंजरच्या नियमात भिंतीचा किंवा आडोशाचा अडथळा सांगितलेला नाही. म्हणून दोघे एकाच पार्टीत असतील तर काम वाटून घ्या. रेंजरने सांगायचं ‘या भागात आहे’, पॅलाडिनने सांगायचं ‘या खोलीत आहे’. घोडा बोलावणारा पॅलाडिन असेल तर तेही ध्यानात ठेवा. ‘फाइंड स्टीड’चा घोडासुद्धा सिलेस्टियल, फे किंवा फीन्ड असतो आणि रेंजरचा दिवा लावतो.

नंतर नियम कसे बदलले?

ही क्षमता कमजोर आहे ही तक्रार खेळ बनवणाऱ्यांपर्यंतही पोचली होती. २०१६ मध्ये चाचणीसाठी दिलेल्या सुधारित रेंजरमध्ये स्लॉटचा खर्च काढला गेला. एक मिनिट एकाग्र होऊन ५ मैलांच्या आतले आपले ठरलेले शत्रू, त्यांची संख्या, साधारण दिशा आणि अंतर कळायचं.

२०२० च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात वेगळा पर्याय आला. त्याचं नाव ‘प्रायमल अवेअरनेस’. नावात अगदी थोडा फरक आहे, पण काम पूर्ण वेगळं. यात सात दिवे नाहीत. त्याऐवजी ठरावीक लेव्हलना जादाचे स्पेल मिळतात. तिसऱ्या लेव्हलला प्राण्यांशी बोलण्याचा, तेराव्याला ‘लोकेट क्रीचर’, सतराव्याला ‘कम्यून विथ नेचर’. यातला प्रत्येक स्पेल दोन लाँग रेस्टच्या मधे एकदा स्लॉट न वापरता करता येतो. खर्चाच्या दृष्टीने बहुतेकांना हा पर्याय परवडतो. पण एका फटक्यात मोठा प्रदेश ‘साफ’ असल्याची खात्री त्यात नाही.

२०२४ च्या नव्या रेंजरमधून मूळ क्षमता वगळली गेली. तरीही जुन्या नियमांनी चालणारे गट भरपूर आहेत. तुमचा गट जुना रेंजर आणि २०२५ चं नवं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ एकत्र वापरत असेल तर एक गंमत होते. नव्या पुस्तकात गॉब्लिन फे झाले आहेत आणि नॉल फीन्ड. म्हणजे जुन्या रेंजरचा सेन्सर आता त्यांनाही पकडतो.

खेळ सुरू होण्याआधी डीएमला हे विचारून घ्या

१. सातही प्रकारांचं उत्तर वेगवेगळं मिळणार की ‘यातलं काहीतरी आहे’ एवढंच? बहुतेक गट वेगवेगळं उत्तर धरतात, पण आधी ठरवलेलं बरं.
२. आपल्याच पार्टीतले फॅमिलियर आणि घोडे मोजायचे का?
३. रूप बदललेला जीव मूळ प्रकाराचा मानायचा की नव्या रूपाचा?
४. दुसऱ्या लोकात असलेली भुतं कळणार का?

आणि तुम्ही स्वतः डीएम असाल तर एकच सल्ला. साहस तयार करतानाच त्या परिसरात सातपैकी कोणते प्रकार आहेत ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रत्येक वेळी ‘हो, काहीतरी आहे’ असं मोघम उत्तर दिलं तर रेंजरचा स्लॉट वाया जातो आणि पुढच्या वेळी तो विचारतच नाही. खरं असेल तिथे ठामपणे ‘नाही’ म्हणा, त्या एका शब्दावर पार्टी आपली पुढची वाट ठरवते.